बास्करव्हिलचे टंकवळण : सुवाच्यता, सवय आणि प्रामाण्य

मुद्रित ग्रंथाची चिकित्सा करताना आपले लक्ष बहुधा पाठावर खिळलेले असते. कोणत्या आवृत्तीत कोणता शब्द आला, तो कोणी बदलला, का बदलला, याचा आपण कसून शोध घेतो. परंतु तो पाठ ज्या अक्षरांच्या द्वारा आपल्यापर्यंत पोहोचतो त्या अक्षरांचे वळण हा मुद्रकाच्या अखत्यारीतील विषय मानून आपण बाजूस सारतो. भाषाशास्त्राच्या अभ्यासकाचीही स्थिती फारशी वेगळी नाही. लेखन हे वाणीचे केवळ बाह्य चिन्ह होय, या समजुतीमुळे अक्षराच्या रूपाविषयी त्याने क्वचितच पद्धतशीर विचार केला आहे. याचा एक परिणाम असा की ‘सुवाच्य’ हा शब्द आपल्याकडे अत्यंत सैलपणे वापरला जातो. जे डोळ्याला रुचते ते सुवाच्य, जे खुपते ते दुर्वाच्य, एवढ्यावरच निवाडा होतो. हा निवाडा कितपत टिकतो याची परीक्षा करण्यासाठी प्रस्तुत लेखात अठराव्या शतकातील एका प्रसिद्ध इंग्रजी टंकाचे उदाहरण घ्यावयाचे योजिले आहे. बर्मिंगहॅमच्या जॉन बास्करव्हिलने घडविलेले हे वळण ग्रंथाच्या मजकुरासाठी आजही वापरात आहे, आणि त्याच्या जन्मापासूनच सुवाच्यतेविषयीचा वाद त्याला चिकटलेला आहे.

१

बास्करव्हिल हा मूळचा मुद्रक नव्हे. वुस्टरशायरमधील वुल्व्हर्ली हे त्याचे जन्मगाव. बर्मिंगहॅमला येऊन त्याने प्रथम सुलेखन शिकविण्याचा आणि दगडावर अक्षरे कोरण्याचा व्यवसाय केला. त्याने स्वतःच्या जाहिरातीसाठी निरनिराळ्या वळणांत कोरलेली एक पाटी आजही जतन झालेली आहे. पुढे धातूच्या वस्तूंवर जपानी पद्धतीचे चकचकीत रोगण चढविण्याच्या धंद्यात त्याने पैसा मिळविला, आणि १७५० च्या सुमारास, चाळिशी उलटल्यावर, तो टंकनिर्मितीकडे वळला. पोलादी ठसे कापण्याचे काम जॉन हँडी या कारागिराने केले. वळणाची कल्पना आणि देखरेख बास्करव्हिलची होती.

ही पार्श्वभूमी महत्त्वाची आहे. त्या काळी इंग्लंडात विल्यम कॅस्लन (१६९२–१७६६) याच्या टंकांचे राज्य होते. कॅस्लनचे वळण डच परंपरेतले असून ठसे कापणाऱ्या कारागिराच्या हाताचे होते. बास्करव्हिलचे वळण मात्र मुद्रणाच्या बाहेरून आले. लेखणीने लिहिणाऱ्या आणि छिन्नीने कोरणाऱ्या हाताची सवय त्याने खिळ्यांत आणली. त्याचे पहिले पुस्तक, व्हर्जिलचे काव्य, १७५७ मध्ये निघाले. त्यानंतर १७५८ मध्ये मिल्टनचे काव्य निघाले. त्याच्या प्रस्तावनेत कॅस्लनच्या कर्तबगारीला मान देऊनच बास्करव्हिलने आपल्याला सुधारणेस वाव दिसल्याचे नमूद केले आहे. १७५८ मध्येच केंब्रिज विद्यापीठाने त्याला मुद्रक म्हणून नेमले आणि १७६३ मध्ये त्याचे मोठ्या आकाराचे बायबल प्रसिद्ध झाले. मुद्रणकलेच्या दृष्टीने हे बायबल त्याचे शिखर समजले जाते. व्यवहाराच्या दृष्टीने ते नुकसानीचे ठरले.

येथे एक गोष्ट विसरता कामा नये. बास्करव्हिलने केवळ टंक बदलला नाही, संपूर्ण पान बदलले. व्हर्जिलच्या काही भागासाठी त्याने जेम्स व्हॉटमनने तयार केलेला, जाळीच्या रेघा न उमटणारा गुळगुळीत कागद वापरला. त्याची शाई इतरांपेक्षा काळी होती. दाबयंत्राचा दाबपाट त्याने अधिक सपाट करून घेतला. छापलेले ताव तापविलेल्या तांब्याच्या पत्र्यांत दाबून त्यांना झिलई आणली जाई, असे परंपरेने सांगितले जाते. ओळींमधील अंतर त्याने सढळ ठेवले, समास रुंद सोडले, आणि मुखपृष्ठावरील वेलबुट्टी काढून टाकून निव्वळ अक्षरांच्या मांडणीवर भिस्त ठेवली. तेव्हा समकालीन वाचकाने ‘ही अक्षरे डोळ्यांना त्रास देतात’ असे म्हटले, तर तो त्रास अक्षराचा, कागदाच्या चकाकीचा, की शाईच्या काळेपणाचा, हे त्याच्या म्हणण्यावरून ठरविता येत नाही. कारणे एकत्र आलेली असताना त्यांतील एकावरच दोष ठेवणे न्यायाचे होणार नाही.

२

आता प्रत्यक्ष वळणाकडे वळू. रोमन अक्षराच्या दांड्याच्या टोकाशी जी लहानशी आडवी रेघ असते तिला सेरिफ म्हणतात. (देवनागरीच्या शिरोरेषेशी तिची तुलना करण्याचा मोह टाळला पाहिजे. शिरोरेषा अक्षरे जोडते. सेरिफ अक्षराचा शेवट सांगते.) कॅस्लनच्या टंकात या रेघा काहीशा जाड व ओबडधोबड आहेत, तर बास्करव्हिलच्या टंकात त्या बारीक, सपाट आणि टोकदार झाल्या आहेत. जाड व बारीक रेघांमधील तफावत वाढली आहे. गोल अक्षरांतील जाडीचा रोख कॅस्लनमध्ये किंचित तिरका असतो. येथे तो जवळजवळ उभा झाला आहे. गोल अक्षरे ऐसपैस रुंद आहेत. लहान ‘जी’चा खालचा फास पूर्ण मिटत नाही, मोठ्या ‘क्यू’चे शेपूट लेखणीच्या फटकाऱ्यासारखे पसरते, मोठ्या ‘ई’चा खालचा हात वरच्यापेक्षा लांब जातो. तिरप्या अक्षरांत तर सुलेखन शिक्षकाचा हात स्पष्टच दिसतो.

परंतु या सर्व वर्णनातून निष्पन्न होणारा मुद्दा वेगळा आहे. बास्करव्हिलने कोणत्याही अक्षराचा सांगाडा बदललेला नाही. त्याने बदलले ते वजनाचे वाटप. भाषाशास्त्राच्या परिभाषेत बोलायचे तर भेदक लक्षणे त्याने जशीच्या तशी ठेवली आणि अभेदक लक्षणांत फेरफार केला. एखाद्या पिढीचा उच्चार थोडा सरकावा, पण कोणतेही दोन शब्द एकमेकांत मिसळू नयेत, तसा हा बदल आहे. असा बदल श्रोत्याच्या कानाला प्रथम खटकतो, परंतु अर्थबोधाला अडथळा करीत नाही.

या टंकाला टंकशास्त्रज्ञ ‘संक्रमणकालीन’ असे नाव देतात. मागे कॅस्लनचे जुने वळण, पुढे फ्रान्समधील दिदो आणि इटलीतील बोदोनी यांचे कमालीच्या तफावतीचे आधुनिक वळण, आणि यांच्यामध्ये बास्करव्हिल, अशी ही मांडणी आहे. १९५४ मध्ये माक्सिमिल्याँ व्हॉक्सने केलेल्या वर्गीकरणातही हा मधला गट आहे. कालक्रमाची सोय म्हणून हे नाव चालेल; मूल्यमापनाची कसोटी म्हणून चालणार नाही. आपण ‘मध्य भारतीय आर्य’ म्हणतो तेव्हा पाली किंवा महाराष्ट्री प्राकृत ही संस्कृतातून मराठीकडे जाण्याची नुसती वाट होती असे म्हणत नाही. त्या त्या काळी त्या पूर्ण भाषा होत्या. तोच न्याय येथे लावला पाहिजे. बास्करव्हिलने बोदोनीकडे जाण्यासाठी अर्धी वाट चालून विश्रांती घेतली नाही. वजनाची तफावत कोठवर न्यावी याचे त्याने निश्चित उत्तर दिले, आणि सलग मजकुरासाठी ते उत्तर पुढील दोघांच्या उत्तरांपेक्षा अधिक समंजस आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. बोदोनीच्या पानावर बारीक रेघा लोपू लागतात आणि उभ्या जाड दांड्यांची कुंपणासारखी रांग उरते. बास्करव्हिलच्या पानावर शब्द सलग दिसतो.

३

या टंकाच्या टीकेच्या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचे साधन म्हणजे बेंजामिन फ्रँकलिनने १७६० मध्ये स्वतः बास्करव्हिललाच लिहिलेले पत्र. त्यातील हकीकत थोडक्यात अशी : एक गृहस्थ फ्रँकलिनपाशी म्हणाले की बास्करव्हिलच्या अक्षरांच्या रेघा इतक्या बारीक व अरुंद आहेत की त्यामुळे देशातील वाचक आंधळे होतील, त्यांना स्वतःलाही ती वाचताना वेदना होतात. पुढील भेटीत फ्रँकलिनने कॅस्लनच्या नमुनापत्रकावरील नाव फाडून टाकले, ते पत्रक बास्करव्हिलचे म्हणून त्यांच्या हाती दिले, आणि दोष दाखविण्याची विनंती केली. गृहस्थांनी ठिकठिकाणी प्रमाणभंग दाखविला आणि वाचताना डोळे दुखत असल्याचेही सांगितले. ज्या टंकात ते जन्मभर वाचीत आले होते, ज्यात त्यांचा स्वतःचा ग्रंथ छापला होता, तोच हा टंक, हे फ्रँकलिनने त्यांना सांगितले नाही.

ही गोष्ट मुद्रणविषयक ग्रंथांत वारंवार सांगितली जाते, आणि बहुधा तिचा निष्कर्ष असा काढला जातो की बास्करव्हिलच्या टंकावरील आक्षेप खोटा होता. हा निष्कर्ष तपासून पाहिला पाहिजे.

प्रथम साक्षीदाराविषयी. फ्रँकलिन हा बास्करव्हिलचा स्नेही आणि व्हर्जिलच्या वर्गणीदारांपैकी एक होता. पत्र ज्याला लिहिले त्याला सुखावणारे आहे. तेव्हा कथा खुलवून सांगितलेली असण्याचा संभव गृहीत धरलाच पाहिजे. परंतु ती अक्षरशः खरी मानली तरी तिच्यातून काय सिद्ध होते? इतकेच की त्या गृहस्थांची वेदना टंकातून नव्हे, नावातून उद्भवली होती. बास्करव्हिलचा टंक कॅस्लनइतकाच सुवाच्य आहे, हे मात्र त्यातून सिद्ध होत नाही. त्यासाठी उलट प्रयोग करावयास हवा होता, म्हणजे बास्करव्हिलचे पत्रक कॅस्लनचे म्हणून दाखवावयास हवे होते. तो फ्रँकलिनने केला नाही. टीकाकार पूर्वग्रहदूषित ठरला म्हणून टीकेचा विषय निर्दोष ठरत नाही.

या हकीकतीत याहून अधिक मोलाची एक गोष्ट आहे आणि तिच्याकडे क्वचितच लक्ष गेले आहे. ज्या अक्षरांतून गृहस्थ जन्मभर विनासायास वाचीत होते, त्याच अक्षरांत नमुनापत्रक हाती पडताच त्यांना दोष दिसू लागले. याचे कारण नावाइतकेच प्रसंगातही आहे. पुस्तक हाती घेतलेला मनुष्य वाचतो. नमुनापत्रक हाती घेतलेला मनुष्य पाहतो. वाचताना अक्षराच्या रूपावरून दृष्टी अर्थाकडे सरकते. पाहताना ती रूपावरच थबकते. या दोन क्रिया भिन्न आहेत, आणि एकीतील अनुभव दुसरीचा पुरावा होऊ शकत नाही. आपण बोलत असता कोणी उच्चाराकडे लक्ष वेधले की जीभ अडखळते, तसाच हा प्रकार आहे. म्हणून ग्रंथाच्या टंकाची परीक्षा नमुन्याच्या चार ओळींवर करणे ही मूलतःच सदोष पद्धत होय.

४

सवयीचा पक्ष मात्र याने दुर्बल होत नाही. उलट त्याला बळ मिळते. ब्रिस्टलच्या फ्राय यांच्या ओतशाळेने आयझॅक मूरकरवी प्रथम बास्करव्हिलच्या धर्तीवर टंक काढले. पुढे मात्र छापखान्यांच्या मागणीमुळे तिला कॅस्लनच्या वळणाचे अनुकरण करावे लागले. सवय ही केवळ वाचकाच्या डोळ्यात नसते. ती जुळाऱ्याच्या हातात आणि छापखान्यातील खिळ्यांच्या साठ्यातही असते. जुन्या खिळ्यांत नवे मिसळत नाहीत, आणि सगळा साठा बदलण्याचा खर्च कोणी करीत नाही.

विसाव्या शतकात अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मायल्स टिंकर याने वाचनवेगाचे विस्तृत प्रयोग केले. मजकुरासाठी सामान्यतः वापरले जाणारे टंक जवळजवळ सारख्याच वेगाने वाचले जातात, असा त्यांचा निष्कर्ष आहे. टंकरचनाकार झुझाना लिच्को हिने १९९० मध्ये याच विचाराचे टोक गाठले. ज्याचे वाचन अधिक घडते तेच अधिक सुवाच्य वाटते, कोणतेही वळण स्वभावतः सुवाच्य नसते, असे तिचे मत आहे.

या मताचा पूर्वार्ध मान्य केला तरी उत्तरार्ध मान्य करता येत नाही. सवय हे नव्याला होणाऱ्या विरोधाचे कारण सांगते. नवे पुढे स्वीकारले कसे गेले, हे ती सांगत नाही. सर्व काही सवयच असती तर बास्करव्हिलचा टंक कधीच रूढ झाला नसता, किंवा कोणताही विचित्र टंक पुरेशा पुनरावृत्तीने रूढ झाला असता. या दोन्ही गोष्टी वस्तुस्थितीला सोडून आहेत. रूढ होण्याची पात्रता ज्या वळणात असते त्यात अक्षराअक्षरांतील भेद शाबूत असतात आणि जुन्यापासूनचे अंतर माफक असते. ही पात्रता वळणाची आहे, वाचकाची नव्हे. सवय तिच्यावर शिक्कामोर्तब करते, तिला निर्माण करीत नाही.

५

बास्करव्हिल १७७५ मध्ये वारला. त्याचे साहित्य इंग्लंडात खपले नाही. १७७९ मध्ये त्याची विधवा सेरा हिने ते फ्रेंच नाटककार बोमार्शे याला विकले, आणि त्या खिळ्यांनी ऱ्हाइनकाठच्या केल येथे व्हॉल्तेरच्या समग्र ग्रंथांची सत्तर खंडांची आवृत्ती छापली गेली. नंतर ठसे फ्रान्समधील एका ओतशाळेतून दुसरीकडे फिरत राहिले. १९५३ मध्ये शार्ल पेन्यो यांनी ते केंब्रिजच्या विद्यापीठ मुद्रणालयाला भेट दिले. ज्या विद्यापीठासाठी बास्करव्हिलने बायबल छापले तेथेच ते परतले.

तत्पूर्वीच, अमेरिकन ग्रंथरचनाकार ब्रूस रॉजर्स याच्या शोधामुळे या टंकाकडे पुन्हा लक्ष गेले होते. १९२३ मध्ये मोनोटाइप कंपनीने त्याचे पुनरुज्जीवन केले. येथे पाठचिकित्सेशी समांतर असा प्रश्न उभा राहतो. मोनोटाइपने बास्करव्हिलच्या १७७२ मधील टेरेन्सच्या आवृत्तीतील मोठ्या आकाराची अक्षरे आदर्श मानली आणि त्यांवरून इतर आकार सिद्ध केले. हाताने कापलेल्या ठशांत प्रत्येक आकाराचे वळण थोडे वेगळे असते. लहान आकारात बारीक रेघ जरा जाड ठेवावी लागते. शिवाय यंत्राच्या अठरा एककांच्या मापात प्रत्येक अक्षराची रुंदी बसविणे भाग होते. म्हणजे आज ‘बास्करव्हिल’ या नावाने जे वाचले जाते ते मूळ नव्हे. एका प्रतीवरून सिद्ध केलेली संपादित आवृत्ती होय. ती उत्तम आहे, पण संपादकाचा हात तिच्यात आहे, याचे भान ठेवले पाहिजे. लिच्कोने १९९६ मध्ये याच टंकाची आपली आवृत्ती काढून तिला सेराच्या पूर्वीच्या आडनावावरून ‘मिसेस ईव्ह्ज’ असे नाव दिले. तिने तफावत मुद्दाम कमी केली, कारण धातूच्या खिळ्याने छापताना शाई पसरून बारीक रेघ जाड होत असे. ही भूमिका विचारार्ह आहे. बास्करव्हिलचा टंक गुळगुळीत कागदावर व लहान आकारात फिका पडतो, हा आजचा सर्वसामान्य आक्षेप मूळ टंकापेक्षा त्याच्या पुनरुज्जीवनाला अधिक लागू पडतो.

६

या टंकाविषयीचा अगदी अलीकडचा पुरावा वेगळ्याच स्वरूपाचा आहे. अमेरिकन चित्रपट दिग्दर्शक एरॉल मॉरिस याने २०१२ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या वाचकांपुढे एकच विधान सहा निरनिराळ्या टंकांत मांडून ते खरे वाटते काय, असे विचारले. सुमारे ४५ हजार वाचकांनी उत्तरे दिली. बास्करव्हिलमध्ये वाचणाऱ्यांनी त्या विधानावर इतरांपेक्षा किंचित अधिक विश्वास ठेवला, असे आढळले. फरक अल्प होता. परंतु त्याचा अर्थ लावणे आवश्यक आहे.

बिअॅट्रिस वॉर्ड हिने १९३० मध्ये मांडलेल्या प्रसिद्ध सिद्धांतानुसार उत्तम मुद्रण हे स्फटिकाच्या पेल्यासारखे असावे. त्यातून अर्थ दिसावा, पेला दिसू नये. मॉरिसच्या निरीक्षणाने या सिद्धांताला मर्यादा पडते. पेला दिसला नाही तरी तो पेयाच्या चवीत भर घालतो. अदृश्य राहूनही वळण ग्रंथाचे प्रामाण्य वाढविते. हे प्रामाण्य अक्षराच्या बारीक रेघेत नाही. त्या वळणात पिढ्यान्पिढ्या कोणत्या प्रकारचे ग्रंथ छापले गेले, यात ते आहे. ज्याला एके काळी डोळे घालविणारा टंक म्हटले गेले तोच आज विश्वासाचे चिन्ह होऊन बसला आहे.

७

यावरून ‘सुवाच्य’ या एका शब्दाखाली तीन भिन्न प्रश्न दडलेले आहेत, हे ध्यानात येईल : अक्षरांतील भेद स्पष्ट आहेत काय, हा व्यवस्थेचा प्रश्न, वळण परिचयाचे आहे काय, हा सवयीचा प्रश्न, आणि त्याला प्रतिष्ठा आहे काय, हा प्रामाण्याचा प्रश्न.

मराठी मुद्रणाला हा विवेक परका राहू नये. आपल्या लिपीत एकाच ‘च’ने ‘चिमणी’तील तालव्य व ‘चूल’मधील दंत्य असे दोन उच्चार दाखविले जातात, आणि वाचकाला ते खुपत नाही. उलट ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी व हिंदी वळणे एकाच ध्वनीची असूनही हिंदी वळण दिसताच मराठी डोळा अडखळतो. म्हणजे डोळ्याची तक्रार भाषिक भेदाच्या प्रमाणात नसते. २००९ साली महाराष्ट्र शासनाने पाकळीचा ‘ल’ व देठाचा ‘श’ प्रमाण ठरविला. परंतु संगणकाच्या संकेतप्रणालीत दोन्ही वळणांना एकच संकेत असल्याने कोणते रूप उमटेल हे टंकावर अवलंबून राहते. या वळणांचा आग्रह धरणे योग्य आहे. मात्र तो सुवाच्यतेच्या नावाने धरू नये, परंपरेच्या आणि प्रामाण्याच्या नावाने धरावा. सावरकरांनी पुरस्कारिलेल्या ‘अ’च्या बाराखडीवर ‘डोळ्यांना खुपते’ असा आक्षेप घेतला गेला, तेव्हाही कोणत्या प्रश्नाचे उत्तर आपण देत आहोत, याचा विचार फारसा झाला नाही. ‘अि’ आणि ‘इ’ यांत भेदकतेची हानी नव्हती. अडचण सवयीची होती. ती अडचण खरी होती, परंतु तिचे नाव वेगळे होते.

हा विवेक सर्वांत निकडीचा ठरतो तो प्राथमिक शाळेच्या पुस्तकांबाबत. प्रौढ वाचकाची सवय घडलेली असते. मुलाची घडायची असते. त्याच्यासाठी टंक निवडताना प्रौढांच्या डोळ्याला काय खुपते हे विचारणे म्हणजे फ्रँकलिनच्या गृहस्थांना नमुनापत्रक दाखविण्यासारखेच आहे. तेथे ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांतील भेद लहान आकारात व हलक्या कागदावर टिकतात काय, हा पहिला प्रश्न असावयास हवा, आणि त्याची परीक्षा सलग मजकुराच्या पानावर, वाचणाऱ्या मुलांकडूनच व्हावयास हवी. परिचय आणि प्रतिष्ठा यांचा विचार त्यानंतरचा. बास्करव्हिलच्या टंकाला आपला न्याय मिळण्यास दीडशे वर्षांहून अधिक काळ लागला, कारण त्याच्या समकालीनांनी हे तीन प्रश्न एकत्र मिसळले. आपल्या पाठ्यपुस्तकांच्या अक्षरांना तेवढा काळ थांबण्याची सोय नाही.